दुसरा बाण : मनाचा ताण उतरविण्याचे चार सोपे अभ्यास



सावली तालुक्यातील कोणत्याही गावी जा. मृगाचा पाऊस लांबला की घराघरांत एकच बोलणे असते. पऱ्हे वाळू लागले, आता रोवणा कधी होणार? पाऊस आलाच तर वैनगंगेच्या पुराची काळजी. धान घरात येते न येते तोच देणेकरी दारात उभा. हाताला काम नसले की बिऱ्हाड पाठीवर घेऊन मिरची तोडायला तेलंगणात जायचे आणि म्हातारी माणसे व शाळेतली मुले मागे ठेवायची. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जावे तर वाघाची धास्ती. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ती बातमी ऐकूनही दुसऱ्या दिवशी जंगलात जाणे पुष्कळ घरांना भागच होते.

अशा माणसाला "चिंता करू नकोस" असे सांगणे सोपे आहे. परंतु चिंता न करणे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे कोणी सांगत नाही. आजचा पाठ त्यासाठी आहे. हा पाठ तोंडपाठ करण्याचा नाही, करून पाहण्याचा आहे. त्याला पैसा लागत नाही, आसन लागत नाही, अगरबत्तीही लागत नाही.

१. ताण म्हणजे काय?

संकट समोर आले की शरीर आपण होऊन तयारीला लागते. झुडपात खसखस झाली की छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, हातापायांचे स्नायू आवळले जातात, तोंडाला कोरड पडते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन लहान ग्रंथी ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात आणि सगळे बळ हातापायांकडे वळते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली या तयारीचे वर्णन केले. लढावयाचे किंवा पळावयाचे, या दोन कामांसाठी ही तयारी असते.

ही तयारी वाईट नाही. तिच्यामुळेच माणूस वाचतो. जंगलात भीती ही आपली राखणदार आहे. म्हणून पहिली सूचना हीच की, जंगलात, रस्त्यावर, यंत्रापाशी डोळे मिटून कोणताही अभ्यास करू नका. तिथे डोळे आणि कान उघडेच हवेत.

बिघाड होतो तो पुढे. बाई सुखरूप घरी येते, पण तिचे शरीर जंगलातच राहते. रात्री भांडे पडले तरी ती दचकते. दुसरे असे की, बँकेचा हप्ता, मुलीचा निकाल, भावकीचा वाद हे काही वाघ नव्हेत. त्यांच्यापुढे पळूनही चालत नाही आणि लाठी घेऊनही चालत नाही. तरी शरीर तीच तयारी करते आणि ती दिवसच्या दिवस उतरत नाही. मग झोप उडते, मान व डोके धरते, पोट बिघडते, रक्तदाब वाढण्यास मदत होते, आणि ज्याचा काही दोष नाही त्या लेकरावर हात उठतो.

आपल्या वाडवडिलांच्या काळी अशा माणसाला कोणी तरी करणी केली आहे, बाहेरची बाधा आहे, असे ठरवून देवऋष्याकडे नेत. कोंबडे जाई, पैसा जाई, ताण मात्र तसाच राही. आपण तो मार्ग सोडला. परंतु जुना मार्ग सोडला म्हणजे ताण सुटला असे होत नाही. त्याच्या जागी नवा आणि डोळस उपाय ठेवला पाहिजे, नाही तर जुना मार्ग मागच्या दाराने परत येतो.

२. दोन बाण

संयुत्त निकायात सल्ल सुत्त नावाचे एक लहान सूत्र आहे. सल्ल म्हणजे शल्य, बाणाचे टोक. तथागतांनी भिक्खूंना विचारले की, अशिक्षित मनाच्या माणसाला दुःख होते आणि सुशिक्षित मनाच्या माणसालाही दुःख होते, मग दोघांत फरक कोणता? उत्तरही त्यांनीच दिले. अशिक्षित मनाच्या माणसाला एक बाण लागतो आणि लगेच त्याच जागी दुसरा लागतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. दुसरा बाण त्या वेदनेवर मन जो आकांत करते त्याचा. सुशिक्षित मनाच्या माणसाला पहिलाच बाण लागतो, दुसरा लागत नाही.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. धानावर तुडतुडा पडला आणि पीक अर्धे झाले. हा पहिला बाण आहे आणि तो खरा आहे. त्यानंतर रात्रभर मन म्हणत राहते : "माझ्याच नशिबी हे का? लोक हसतील. पोरीचे शिक्षण गेले. आता सगळे संपले." हा दुसरा बाण. पीक बुडाल्याचे नुकसान एकदाच झाले, पण हा बाण एका रात्रीत शंभर वेळा लागतो.

याच सूत्रात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. दुसरा बाण लागलेला माणूस इंद्रियसुखाकडे धाव घेतो, कारण दुःखातून सुटण्याची दुसरी वाटच त्याला ठाऊक नसते. खर्रा आणि दारू यांचे मूळ इथे सापडते. त्याचा विचार आपण पुढे करू.

आता जे चार अभ्यास सांगावयाचे आहेत ते दुसऱ्या बाणासाठी आहेत. पहिला बाण त्यांनी निघत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

३. पहिला अभ्यास : श्वासाची मोजणी

बुद्ध होण्यापूर्वी गौतमाने कठोर तप केले. त्या तपात त्याने श्वास कोंडून ठेवण्याचाही प्रयोग केला. त्याचा परिणाम म्हणून डोक्यात असह्य कळा आल्या, अंगाचा दाह झाला, आणि ज्ञान काही मिळाले नाही. तेव्हा त्याला बालपणाची एक आठवण झाली. वडील शेतीच्या कामात असताना तो जांभळीच्या गार सावलीत बसला होता आणि मन आपोआप शांत झाले होते. मज्झिम निकायात ही हकीकत आली आहे. शरीराला छळून शांती मिळत नाही, हा धडा त्यातून मिळतो. यास्तव या अभ्यासात श्वास कोंडावयाचा नाही आणि जोरजोराने ओढावयाचाही नाही.

कृती येणेप्रमाणे : भिंतीला पाठ टेकून किंवा मांडी घालून बसा. गुडघे दुखत असल्यास खाटेवर किंवा खुर्चीवर बसा. डोळे मिटा, अथवा समोर जमिनीवर नजर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोट थोडे पुढे येऊ द्या. मग श्वास सोडा, घेण्यापेक्षा थोडा लांब सोडा. सोडून झाला की मनात म्हणा "एक". पुढच्या श्वासाला "दोन". असे दहापर्यंत जा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. मध्येच मन हप्त्याकडे गेले, मोजणी चुकली, तर चिडू नका. पुन्हा "एक" म्हणा. मन गेले हे लक्षात येणे हाच अभ्यासाचा गाभा आहे.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात ही मोजणी समजावून सांगितली आहे. पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये, असा त्यांचा दंडक. सुरुवातीची मोजणी कशी असावी, तर धान्य मापणाऱ्यासारखी संथ. धानाच्या मुलखातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पायलीने धान मापणारा घाई करीत नाही. एक माप पुरते भरते, ओतले जाते, मग तो आकडा उच्चारतो. श्वासाचे मापही तसेच पुरते भरू द्यावे आणि पुरते रिते होऊ द्यावे.

यात चमत्कार काही नाही. मनगटावरील नाडीवर बोट ठेवून पाहा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना किंचित मंद होते. तरुण माणसात हा फरक चांगला जाणवतो. छाती धडधडविणाऱ्या मज्जातंतूंच्या जोडीला तिला शांत करणारेही मज्जातंतू आहेत आणि लांब सोडलेला श्वास त्यांना कामाला लावतो. हृदयाला आपण हुकूम देऊ शकत नाही, पण श्वासाच्या द्वारे त्याला विनंती करू शकतो.

सकाळी दहा मिनिटे आणि निजण्यापूर्वी दहा मिनिटे एवढे पुरे. ज्या माउलीला दहा मिनिटे सलग मिळत नाहीत तिने चुलीपुढे भात शिजेपर्यंत डोळे उघडे ठेवून दहा श्वास मोजावेत, हापशीवर आपला नंबर येईपर्यंत दहा मोजावेत. विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वी दहा मोजावेत. चक्कर आल्यासारखे वाटले तर श्वास फार जोराने घेतला जात आहे असे समजावे, मोजणी थांबवावी आणि नेहमीसारखा श्वास चालू द्यावा.

४. दुसरा अभ्यास : अंग सैल सोडणे

दिवसभर रोवणा करून पाठ टेकली तरी झोप येत नाही, असे अनेक बायका सांगतात. शरीर थकलेले असते, पण सैल झालेले नसते. थकणे आणि सैल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने या प्रश्नाचा पुष्कळ वर्षे अभ्यास करून १९२९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, स्नायू आवळलेला आहे हेच माणसाला कळत नाही, म्हणून तो सैल करता येत नाही. आधी आवळणे ओळखा, मग सोडणे ओळखा. पुढे डॉक्टरांनी ही रीत सोपी केली, ती अशी :

उताणे निजा. दोन्ही पायांची बोटे व पोटऱ्या पाच मोजेपर्यंत आवळा. मग एकदम सोडा आणि दहा-पंधरा मोजेपर्यंत सोडण्याचे सुख पाहा. त्यानंतर मांड्या. त्यानंतर पोट. मग हातांच्या मुठी आणि दंड. मग खांदे कानांकडे उचला आणि सोडा. शेवटी चेहरा : डोळे घट्ट मिटा, दात चावा आणि सोडा. जबडा सैल राहू द्या. कपाळाला आठ्या आहेत काय ते पाहा. जिथे इजा आहे, हाड मोडले आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, तो भाग आवळू नका. तिथे नुसते लक्ष न्या आणि पुढे चला. गरोदर भगिनींनी पोट आवळू नये व कुशीवर निजून करावे.

शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणे आपल्या परंपरेला नवीन नाही. सतिपट्ठान सुत्तात कायानुपस्सना, म्हणजे शरीराचे सजगपणे निरीक्षण, हीच पहिली पायरी सांगितली आहे.

५. तिसरा अभ्यास : धावणाऱ्या विचाराची चाल मंद करणे

श्वास मोजला, अंग सैल केले, तरी एखादा विचार सुटतच नाही. "त्याने चार लोकांत मला तसे का म्हटले?" हा एकच प्रश्न गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत राहतो. अशा वेळी काय करावे, हे मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात क्रमाने सांगितले आहे. त्यात पाच उपाय आहेत.

पहिला उपाय : वाईट विचाराच्या जागी चांगला विचार ठेवणे. सुतार जसा बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसे. दुसरा उपाय : या विचाराने माझे काय नुकसान होत आहे, ते पाहणे. तिसरा उपाय : त्याकडे लक्ष न देणे, उठून दुसऱ्या कामाला लागणे. चौथा उपाय फार सुंदर आहे. एक माणूस भरभर चालला आहे. त्याच्या मनात येते, मी भरभर का चालतो आहे? सावकाश का चालू नये? तो सावकाश चालतो. मग वाटते, चालावे तरी कशाला? तो उभा राहतो. मग बसतो. मग आडवा होतो. विचाराची गतीही अशीच पायरीपायरीने उतरवावी. पाचवा उपाय : काहीच चालले नाही तर दातावर दात ठेवून, निश्चयाने त्या विचाराला दाबणे. हा उपाय शेवटी ठेवला आहे, हे ध्यानात घ्या. आपण बहुतेक जण पाचव्यापासूनच सुरुवात करतो आणि म्हणून हरतो.

चौथा उपाय आपण पायांनीच करू शकतो. सायंकाळी बांधीच्या धुऱ्यावरून किंवा अंगणात वीस-पंचवीस पावले इकडून तिकडे चाला. पहिल्या फेऱ्या नेहमीच्या चालीने. मग चाल कमी करा. पाऊल उचलले, पुढे गेले, टेकले, एवढेच पाहा. मग उभे राहा. मग बसा. यालाच चंक्रमण म्हणतात. ज्या घरी जागा नाही, माणसे फार आणि खोली एकच, त्यांना हा अभ्यास विशेष उपयोगी आहे.

६. चौथा अभ्यास : मैत्री भावना

घरातील पुष्कळसा ताण माणसांचाच असतो. सासू-सून, भाऊ-भाऊ, शेजारी, मुकादम. ज्याच्यावर राग आहे तो आपल्या अंथरुणात नसतो, पण रात्रभर आपल्याशी भांडत असतो.

निजण्यापूर्वी पाच मिनिटे क्रमाने असे चिंतन करा : मी सुखी असावे, माझे मन शांत असावे. मग घरातील एकेका माणसाचे नाव घ्या. मग गावातील कोणी ओळखीचा, ज्याच्याविषयी राग नाही, लोभही नाही. मग शेवटी ज्याच्यावर राग आहे तो. सुरुवातीला हे शेवटचे नाव घेववत नाही. न घेववले तर सोडून द्या, आठ दिवसांनी पाहा. अंगुत्तर निकायात मैत्री भावनेचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले तीन झोपेविषयीच आहेत : सुखाने झोप येते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्ने पडत नाहीत.

मैत्री म्हणजे अन्याय विसरणे नव्हे. ज्याने मजुरी बुडविली त्याच्यावर दावा करावा, अवश्य करावा. परंतु दावा दिवसा कचेरीत करावा. रात्री स्वतःच्या छातीत करू नये.

७. खोटी विश्रांती

आपल्या भागात मनाला विसावा म्हणून सर्वांत आधी हात जातो तो खर्ऱ्याच्या पुडीकडे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा बाप्यांबरोबर बायका आणि शाळकरी मुलेही खातात. "खाल्ला की डोके हलके होते," असे ते म्हणतात. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. तंबाखूतील निकोटीन उतरले की शरीर बेचैन होते. पुढची पुडी ती बेचैनी तेवढी घालविते. म्हणजे खर्ऱ्यानेच लावलेली आग खर्राच थोडा वेळ विझवितो आणि त्याला आपण विश्रांती म्हणतो. शेवटी तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचे भय उभे राहते.

दारूचेही तेच आहे. पिऊन झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. सकाळी ताण होता तेवढाच असतो, वर घरातला कलह आणि रिकामा खिसा. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारूचा त्याग आहे, तो नुसता सोवळेपणा म्हणून नव्हे.

खर्रा खाण्याची तलफ आली की लगेच नाही म्हणू नका. "आधी दहा श्वास मोजतो, मग पाहू," असे म्हणा. तलफ लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत ओसरू लागते. दहा श्वासांनंतरही खावासा वाटला तर आणखी दहा मोजा. अशी एक-एक पुडी कमी करा.

८. हे पळून जाणे आहे काय?

आमचे काही तरुण मित्र विचारतात : "आमचा ताण हा कर्जाचा आहे, बेकारीचा आहे, जातीच्या अपमानाचा आहे. डोळे मिटून बसल्याने तो जाणार आहे काय? हे लोकांना थंड करण्याचे साधन तर नव्हे?" प्रश्न योग्य आहे. त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

उत्तर पुन्हा दोन बाणांतच आहे. पहिला बाण काढावयाचा तर कष्ट, शिक्षण, कायदा आणि संघटन यांनीच काढावा लागतो. २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. २०२१ साली ती उठविली गेली. म्हणजे लढा दीर्घ असतो, जिंकलेलेही हातचे जाते आणि पुन्हा उभे राहावे लागते. अशा दीर्घ लढ्याला ज्याची झोप उडाली आहे, ज्याचे हात कापत आहेत, जो घरच्यांवरच ओरडत आहे, तो माणूस किती दिवस पुरेल?

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद केलेला आहे. नुसती समाधी तात्पुरती असते. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची कायमची सवय लावते. हीच कसोटी आपण या अभ्यासांना लावावी. अभ्यास करून उठल्यावर आपण अर्ज लिहावयास, मुलाचा अभ्यास घ्यावयास, गटाच्या बैठकीला जावयास अधिक समर्थ झालो असू, तर अभ्यास बरोबर चालला आहे. उठल्यावर "आपल्याला काय करायचे" अशी बेफिकिरी आली असेल, तर तो आळस आहे, शांती नव्हे.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट या ठिकाणी आठवते. तो श्रीमंताचा मुलगा आणि वीणावादनात कुशल. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा असा अतिरेक केला की तळपायांतून रक्त आले. तथागतांनी त्याला विचारले की, वीणेची तार फार ताणली तर सूर लागतो काय? फार ढिली सोडली तर लागतो काय? तार नेमकी ताणलेली असावी लागते. बाबासाहेबांनीही उतारवयात, कामाचा डोंगर समोर असताना, व्हायोलिन शिकावयास घेतले होते. तार कोठे सोडावी हे ज्याला कळते, त्यालाच ती पुन्हा ताणता येते.

९. आजचे वैद्यक काय म्हणते?

सावलीहून मूल-गडचिरोली रस्त्याने वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे शोधग्राम येथे काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकाराचा झटका आला. ते स्वतः डॉक्टर. उपचार त्यांनी घेतलेच, परंतु त्याबरोबर आहार बदलला, चालणे, योगासने, शिथिलीकरण आणि ध्यान सुरू केले. हा सर्व अनुभव त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहिला आहे. औषधोपचार सोडून ध्यान नव्हे, तर औषधोपचारासह ध्यान, हे त्यातून घ्यावयाचे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली असे मांडले की, संकटात शरीर जशी तयारी करते तशीच उलट दिशेची, शांत होण्याचीही क्षमता त्याच्यात आहे आणि ती सरावाने जागी करता येते. ज्यांना अधिक सखोल शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी श्री. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे केंद्र प्रसिद्धच आहे. आपल्याजवळ चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूर येथेही विपश्यना केंद्र आहे. शिबिरासाठी शुल्क नसते. मात्र ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिबिराला बसू नये.

१०. डॉक्टरकडे केव्हा जावे?

हे अभ्यास रोजच्या ताणासाठी आहेत. पुढील गोष्टींत त्यांवर विसंबून राहू नका.

छातीत दुखणे, ते हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम येणे : श्वास मोजत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही : ग्रामीण रुग्णालयात दाखवा. मनाचा आजार हाही आजारच आहे. त्यात लाज नाही.

"आता जगून काय उपयोग" असे शब्द घरातील कोणाच्याही तोंडून आले : ते थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे ठेवू नका. फवारणीचे औषध घरात हाताशी असेल तर कुलपात ठेवा, नाही तर घराबाहेर हलवा. टेली मानस ही शासनाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.

अभ्यासाला बसल्यावर जुनी भयंकर आठवण उसळून आली तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे घ्या. त्या दिवशी अभ्यास सोडून द्या आणि कोणाशी तरी बोला.

११. पंधरा दिवसांचा नेम

पुढचा अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस मिळतात. पहिले पाच दिवस फक्त श्वासाची मोजणी करा. पुढचे पाच दिवस निजताना अंग सैल सोडण्याची जोड द्या. शेवटचे पाच दिवस मैत्री भावना जोडा. चंक्रमण जमेल तेव्हा करा. सायंकाळी वंदना झाली की घरातील सर्वांनी, लहान मुलांसह, पाच मिनिटे एकत्र बसावे. त्या पाच मिनिटांत मोबाईल व टीव्ही बंद असावा. मुलांना बळजबरी करू नये. ती आपल्याकडे पाहून शिकतात.

फळ लगेच मोजू नका. पऱ्हे टाकल्यावर रोज उपटून मुळे किती वाढली हे कोणी पाहत नाही. पंधराव्या दिवशी मात्र घरच्यांना विचारा, "माझ्या बोलण्यात काही फरक पडला काय?" आपल्यापेक्षा ते अधिक खरे सांगतील.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात आपल्याला लागलेला एक पहिला बाण आणि त्यावर आपण मारून घेतलेला दुसरा बाण सांगा.

२. थकणे आणि सैल होणे यांत फरक कोणता?

३. विचार आवरण्याच्या पाच उपायांपैकी आपण आजवर कोणता वापरीत होतो?

४. पहिला बाण काढण्यासाठी या महिन्यात आपले कुटुंब कोणते एक काम करणार आहे, ते एका वाक्यात लिहा व भिंतीवर लावा.

जयभीम!